झेल्यापासून सुरुवात करा

वाचकाचे पत्र : दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात ३१ मुले आहेत. निम्म्या घरांची मासेमारी आहे, उरलेल्यांच्या आंब्या-काजूच्या बागा आहेत किंवा वडील मुंबईला नोकरीला आहेत. मुलांनी इंग्रजीतून बोलावे म्हणून मी त्यांच्या आवडीचा विषय, म्हणजे तंत्रज्ञान, निवडला आणि ‘मोबाईल : शाप की वरदान’ अशी चर्चा ठेवली. चार मुलगे दोन-दोन वाक्ये बोलले, मुली गप्पच राहिल्या आणि मी ‘अल्गोरिदम’ हा शब्द उच्चारला तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटले. लेखी काम दिले, तर आंब्याची बाग असलेल्या घरातल्या एका मुलाने दीड पानांचा निर्दोष निबंध आणला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतल्याचे त्याने विचारताच कबूलही केले. या विषयातले मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी तो सोडून द्यावा का? (एक इंग्रजी शिक्षिका)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

विषय सोडू नये असे माझे मत आहे. मात्र त्याचे जे रूप आपण वर्गात नेले, ते अवश्य सोडावे. ‘शाप की वरदान’ हा विषय माझ्या नोकरीच्या काळात मीही सात-आठ वेळा दिला असेन आणि प्रत्येक वेळी मला एकच निबंध चाळीस हस्ताक्षरांत वाचायला मिळाला. त्यात दोष मुलांचा नव्हता. या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि शेवटी ‘योग्य वापर केला तर वरदान’ असे म्हणून सुटायचे असते हेही दोघांना ठाऊक असते. ज्या बोलण्यात सांगण्यासारखे काही उरलेलेच नाही, ते मातृभाषेतूनसुद्धा कोणी बोलत नाही. मग परक्या भाषेतून, तीस जणांसमोर, हसे होण्याची भीती पत्करून एखाद्या मुलीने ते का बोलावे?

मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळते, हे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला तेच आपले भांडवल वाटते. ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत असेच प्रश्न भाषेच्या तासाला शिक्षक बहुधा विचारतो आणि मुलांना ते लगेच ओळखू येते. ती परीक्षा समजून गप्प बसतात. जे आपल्याला खरोखर माहीत नाही ते विचारले, तर मुलांना समजावून सांगण्याची गरज निर्माण होते, आणि शब्द शोधण्याची धडपड तिथूनच सुरू होते. फक्त हे माहीत नसलेले काही मोबाईलमध्येच शोधायला हवे असे नाही. उलट पहिल्या तासाला मोबाईल वर्गात आणूच नये, असे मी सुचवेन. आपल्या मुली गप्प का राहिल्या याचा विचार करताना, त्यांतील किती जणींच्या हातात स्वतःचा फोन आहे, हा प्रश्न मनाशी विचारून पाहावा. घरात एकच फोन असतो, तो दिवसा वडिलांबरोबर होडीवर किंवा बागेत जातो आणि रात्री भावाकडे राहतो, अशा घरातल्या मुलीला ‘तू कोणते ॲप वापरतेस’ हे विचारणे म्हणजे तिला इंग्रजीबरोबर आणखीही काही नाही म्हणून सांगायला लावणे होय.

म्हणून आंबा काढायच्या झेल्यापासून सुरुवात करा. बांबूच्या टोकाला कडे आणि जाळी लावलेला साधा झेला आपल्या भागात घरोघर असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पाते बसवलेला ‘नूतन झेला’ तयार केला, तोही अनेक बागांत आहे. दोन्ही झेले वर्गात मागवावेत आणि विचारावे की साधा झेला असताना या पात्याची गरज का पडली. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला याचे उत्तर अगदी तोंडपाठ असते : फळ ओढून काढले तर देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, आणि डागाळलेल्या फळाला पेटीत भाव मिळत नाही, म्हणून फळ देठासह कापायचे. हे सगळे इंग्रजीतून सांगायला त्याला फार तर आठ-दहा शब्द कमी पडतील. ते फळ्यावर आधी लिहून द्यावेत. ‘वुई कट द मँगो विथ द स्टॉक सो दॅट द सॅप डज नॉट फॉल ऑन द स्किन’ एवढे वाक्य त्याने अडखळत का होईना उच्चारले, की हेतू सांगणारी ती वाक्यरचना, जी आपण व्याकरणाच्या तासाला तीन-तीन वेळा शिकवतो, एका खऱ्या कामाला जुंपली गेली असे समजावे. (देठाच्या त्या इंग्रजी शब्दात ‘एल’ लिहितात पण उच्चारत नाहीत, हेही इथे सांगता येईल, गोदामातल्या मालाचा ‘स्टॉक’ मुलांना ठाऊक असतोच, दोन्ही शब्द कानाला जवळपास सारखे लागतात.) मुलींना घरातला मिक्सर, विहिरीवरचा पंप, शिवणयंत्र यांबद्दल हाच प्रश्न विचारावा : हे येण्यापूर्वी काय करत होते, आता काय करतात, आणि कोणाचे काम वाढले? शेवटचा प्रश्न टाळू नये. त्याची उत्तरे सर्वांत वेगवेगळी येतात.

तासाच्या आखणीबद्दल थोडेसेच लिहितो. पहिली पाच मिनिटे जोडीजोडीने मराठीतून बोलू द्यावे. मुख्याध्यापकांना ते इंग्रजीच्या तासात खटकले, तरी विचार जुळल्याशिवाय वाक्य जुळत नाही हे त्यांना सांगावे. मग तीच जोडी इंग्रजीतून बोलेल. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून चूक सुधारू नये. आपण वहीत टिपून ठेवावे आणि तासाच्या शेवटी कोणाचेही नाव न घेता तीन वाक्ये फळ्यावर मांडावीत. तीनच.

आता मोबाईलकडे येऊ. मुलांना मोबाईलची इंग्रजी येते असा आपला समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात त्यांना मोबाईलची मराठी येते, आणि ती इंग्रजी शब्दांनी भरलेली असल्यामुळे तिला इंग्रजी समजण्याची चूक आपण सगळेच करतो. ‘चार्जिंग संपले’ हे उत्तम मराठी आहे, पण ‘माय चार्जिंग इज फिनिश्ड’ असे बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्याला सांगितले तर तो क्षणभर थांबेल. तो म्हणेल, ‘माय बॅटरी इज डेड’. आपल्याकडे ‘रेंज’ नसते, त्याच्याकडे ‘सिग्नल’ नसतो. आपला फोन ‘हँग’ होतो, त्याचा ‘फ्रीझ’ होतो, म्हणजे गोठतो. आपली ‘लाइट’ जाते, त्याची ‘पॉवर’ जाते. आपण ‘डीपी’ बदलतो, तो ‘प्रोफाइल पिक्चर’ बदलतो. एका तासाला मुलांना घरातून अशी दहा वाक्ये गोळा करून आणायला सांगावीत आणि प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतील याचा शोध वर्गाने मिळून घ्यावा. येथे मुलांची मराठी चुकीची ठरवायची नाही, याची मात्र काळजी घ्यावी. ‘रेंज’ हा आता आपला शब्द आहे आणि आपल्या अर्थाने तो आपल्याकडे सुखाने नांदतो आहे.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर किनाऱ्यावरच्या शिक्षिकेच्या हाती असलेली एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला स्वतःला नेहमी गंमत वाटत आली आहे. संगणकाच्या इंग्रजीतले कितीतरी शब्द समुद्रावरून आलेले आहेत. आपण रोज ‘लॉग इन’ करतो. हा ‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजावरून दोरीला बांधलेले लाकूड पाण्यात टाकत, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत, आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या हे मोजून जहाजाचा वेग काढत. त्या गाठींवरून ‘नॉट’ हे वेगाचे माप आले; ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट. होडीवर जाणाऱ्या मुलांना हे माप ठाऊक असतेच. वेगाची नोंद ज्या वहीत करत, ती ‘लॉग बुक’. त्या वहीवरून यंत्रांच्या नोंदी आल्या आणि तिथून आपले ‘लॉग इन’. ‘नेट’ म्हणजे जाळे, ‘नेव्हिगेट’ म्हणजे जहाज हाकणे. ‘सायबर’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील सुकाणू धरणाऱ्याच्या नावात आहे; नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली त्यावरून ‘सायबरनेटिक्स’ हे शास्त्राचे नाव घडवले. म्हणजे आपल्या वर्गातील ज्या मुलाचे वडील तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आहेत, त्याच्या घरातला धंदा या शब्दाच्या पोटात बसलेला आहे. हे त्याला सांगून पाहावे, आणि मग हर्णै बंदरावरच्या लिलावापर्यंत मासळी कशी येते हे त्यानेच वर्गाला इंग्रजीतून सांगावे.

त्यालाच आणखी एक विचारता येईल. मासे कुठे मिळतील याचा अंदाज आता होडीवर फोनवरून पोहोचतो. हैदराबादला १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला ‘इन्कॉइस’ म्हणून ओळखतात, उपग्रहाच्या नोंदींवरून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना मच्छीमारांना देते. येथे मुलांसमोर एक कोडे ठेवावे : उपग्रहाला मासे दिसतात का? दिसत नाहीत. त्याला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान कळते आणि पाण्याच्या रंगावरून त्यातील हरितद्रव्य कळते. हरितद्रव्य म्हणजे सूक्ष्म वनस्पतींची खूण, त्या जिथे वाढतात तिथे त्यांच्यावर जगणारे जीव येतात आणि त्यांच्यामागे मासे येण्याची शक्यता असते. ‘शक्यता’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ‘देअर आर फिश हिअर’, ‘देअर मस्ट बी फिश हिअर’, ‘देअर मे बी फिश हिअर’ ही तीन वाक्ये फळ्यावर लिहून, हैदराबादची सूचना यांपैकी कोणते वाक्य म्हणते आणि लिलावात फसवणारा कोणते म्हणेल, हे विचारावे. ‘मे’ आणि ‘मस्ट’ यांतील फरक पाठ्यपुस्तकात साहाय्यकारी क्रियापदांच्या तक्त्यात मरून पडलेला असतो. ज्याच्या वडिलांनी त्या अंदाजावर डिझेल जाळले आहे, त्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही.

एक इशारा मात्र देतो, आणि तो मोबाईलच्या व्यसनाबद्दलचा नाही. आपल्या किनाऱ्यावर तंत्रज्ञान हा भांडणाचा विषय आहे. एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशाने मासे ओढून पकडण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे ज्या समुद्रात मासेमारीचा हक्क देशाचा असतो त्यात, बंदी घातली. तरी पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यातला तणाव मिटलेला नाही. आपल्या वर्गात दोन्ही घरांतील मुले शेजारी शेजारी बसत असण्याची शक्यता आहे. ‘एलईडी मासेमारी योग्य की अयोग्य’ असा वाद वर्गात ठेवला, तर तो विचारांचा राहत नाही, वडिलांचा होतो. त्याऐवजी आधी केवळ वर्णन करायला लावावे : प्रकाश टाकल्यावर पाण्यात काय होते, जाळे कसे टाकतात, लहान मासे सुटतात का. मग पुढच्या तासाला चिठ्ठ्या टाकून भूमिका द्याव्यात. पारंपरिक जाळे ओढणाऱ्याच्या मुलीला नौकामालकाची बाजू मांडावी लागली, तर तिला ‘ही मे से दॅट…’ अशी सुरुवात करावी लागते, आणि दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या नावावर मांडण्याची ही रचना इंग्रजीत जितकी उपयोगी आहे तितकीच गावकीतही आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवणही उपयोगी पडेल. दापोलीच्या किनाऱ्यावर तेव्हा वीज गेली आणि फोन मुके झाले; ही मुले तेव्हा लहान होती, पण घरात ते किस्से अजून सांगतात. आजीला विचारून यावे आणि फोनशिवायच्या त्या दिवसांत निरोप कसे पोहोचले हे भूतकाळात सांगावे. आखणी करायची गरज नाही, हा तास आपोआप चालतो.

फसवणुकीच्या संदेशांना मात्र एक पूर्ण तास द्यावा. इंग्रजीत याला ‘फिशिंग’ म्हणतात. उच्चार मासेमारीचाच, फक्त स्पेलिंग ‘पीएच’ने सुरू होते, आणि गळाला आमिष लावणे हीच त्यामागची कल्पना आहे. आज रात्री वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा, अशा मजकुराचे इंग्रजी संदेश आपल्या गावातही आले असतील. असा एक संदेश फळ्यावर लिहून मुलांना दोन गोष्टी शोधायला सांगाव्यात : भाषेच्या चुका, आणि घाई करायला लावणारे शब्द. पहिली गोष्ट इंग्रजीचा सराव म्हणून चांगली आहे, पण तिच्यावर विसंबू नये, कारण आता निर्दोष इंग्रजीतही फसवणूक होते; दुसरी खूण अधिक टिकाऊ आहे. मग मुलांनी तोच संदेश घरी जाऊन आजोबांना मराठीत समजावून सांगावा आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, हेही सांगावे. ज्या घरात इंग्रजी वाचणारी एकटी नववीतली मुलगीच आहे, तिथे फोन तिच्या हातात आपणहून दिला जाईल.

‘अल्गोरिदम’वरून हसलेल्या मुलांसाठी एक माहिती देतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल् ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. त्याने भारतीय अंकांनी गणित कसे करावे यावर लिहिले. त्या लेखनाचे लॅटिन भाषांतर करणाऱ्यांना त्याचे नाव नीट उच्चारता आले नाही, त्यांनी त्याचे ‘अल्गोरित्मी’ केले, आणि त्या मोडक्या उच्चारातून हा शब्द जन्माला आला. आपण तो कसाही उच्चारलात, तरी मूळ अपराध युरोपातल्या पंडितांकडून आधीच घडून गेला आहे. हे वर्गात हसत हसत सांगावे, आणि त्यानंतर शब्दकोशातील उच्चार मुलांकडूनच ऐकून घ्यावा. शिक्षिका शिकताना दिसली तर मान कमी होतो, असे आपल्याकडे मानले जाते. माझा अनुभव तसा नाही.

राहिला निबंध आणणारा मुलगा. त्याने विचारताच कबूल केले, म्हणजे तो लबाड नाही. दिलेला विषय त्याच्या मते स्वतः लिहिण्याच्या लायकीचा नव्हता आणि या बाबतीत मी त्याच्याशी काहीसा सहमत आहे. त्याला रागावू नये, पण सोडूनही देऊ नये. असे यंत्र प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत वाक्ये रचते. ‘शाप की वरदान’ हे लाखो वेळा लिहिले गेलेले असल्यामुळे तिथे ते अचूक वाटते. जे फारसे कोणी लिहूनच ठेवलेले नाही, तिथेही ते तितक्याच आत्मविश्वासाने लिहिते आणि तिथे त्याचे पाय घसरतात. तेव्हा आपल्या समोर, आपल्या फोनवरून, त्याच यंत्राला इंग्रजीतून विचारावे की दापोलीच्या बागेत आंबा कसा उतरवतात, फळाला आढी कशी घालतात, पेटी कशी भरतात. (मुलांना स्वतःची खाती उघडायला लावू नयेत, २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.) आलेले उत्तर फळ्यावर उतरवावे आणि खडू त्या मुलाच्या हातात द्यावा. बरोबर असेल त्याला खूण करायची, चुकले असेल ते खोडून वर इंग्रजीतच दुरुस्ती लिहायची, आणि का चुकले ते वर्गाला सांगायचे. सगळेच बरोबर निघाले, तर काय राहून गेले ते त्याने सांगावे. त्याच्या बागेतल्या कलमांबद्दल कोणत्याही यंत्राने काही वाचलेले नाही.

येत्या सोमवारी येताना घरातला झेला घेऊन ये, असे त्याला आजच सांगून ठेवा. एसटीत बसायला नको म्हणतील, काठी लांब असते. जाळीचे कडे तेवढे सोडवून आणले तरी चालेल.